शेवटचं बटण माणसाच्या हातात?

"शेवटी निर्णय माणूसच घेतो हो!" हे वाक्य आमच्या धंद्यात हल्ली इतक्या वेळा ऐकू येतं की कान किटले. कर्ज कुणाला द्यायचं, कुणाचा अर्ज आधीच बाजूला काढायचा, कॅमेऱ्यात दिसलेला माणूस संशयित आहे की नाही... अशा कुठल्याही सिस्टिमबद्दल कुणी अवघड प्रश्न विचारला की आकृतीत एक छोटा माणूस काढायचा, त्याच्या पुढ्यात 'अप्रूव्ह' नावाचं बटण ठेवायचं आणि चहाला निघायचं. याला 'ह्युमन इन द लूप' म्हणायचं. युद्धात वापरायच्या सिस्टिम्सबद्दलही हेच उत्तर मिळतं.

मला हे उत्तर सरळसरळ खोटं वाटतं. का, ते सांगायला मी ऐंशी वर्षांपूर्वीचं एक विमान घेणार आहे. कारण त्यात हा लूपमधला माणूस शब्दशः पोटावर पडलेला दिसतो.

ॲव्रो लँकेस्टर. दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिशांचं रात्री बॉम्बफेक करणारं अवजड विमान. चार इंजिनं, सात माणसं. त्यातला एक बॉम्ब एमर. त्याची जागा विमानाच्या अगदी नाकात. खाली पारदर्शक पर्स्पेक्सचा घुमट, अंगाखाली गादी, आणि त्या गादीखाली संकटात बाहेर उडी मारायचं झाकण. डोक्यावर दोन मशीनगनचा टरेट, तोही त्यानेच सांभाळायचा. टार्गेट जवळ आलं की पोटावर आडवं व्हायचं आणि जळतं शहर बघत पायलटला सांगायचं, "लेफ्ट-लेफ्ट... स्टेडी... राइट..." (डावीकडे दोनदा आणि उजवीकडे एकदा, कारण इंटरकॉमच्या खरखरीत चुकीचं ऐकू आलं तर पंचाईत. प्रोटोकॉल डिझाइन म्हणतात ते हेच!)

त्याच्यासमोर असायचं मार्क फोर्टीन नावाचं बॉम्बसाइट. पॅट्रिक ब्लॅकेट या भौतिकशास्त्रज्ञाच्या पुढाकाराने फार्नबरोच्या रॉयल एअरक्राफ्ट एस्टॅब्लिशमेंटमध्ये ते तयार झालं आणि 1942 पासून वापरात आलं. आपल्या भाषेत सांगायचं तर हा एक ॲनालॉग कॉम्प्युटर. एका बाजूला गणित करणारी पेटी, दुसरीकडे जायरोने स्थिर ठेवलेली काच आणि त्या काचेवर प्रकाशाची फुली. विमानाचा वेग, उंची आणि दिशा पेटीला आपोआप मिळायची. आधीच्या यंत्राला बराच वेळ सरळ आणि समतल उडावं लागे, म्हणजे खालच्या तोफांना आयतं गिऱ्हाईक. मार्क फोर्टीनला शेवटची दहाएक सेकंदं पुरायची. इंजिनिअर म्हणून मी या यंत्राला मनापासून सलाम करतो.

आता बघूया, त्या माणसाच्या हातात नक्की काय उरलं.

वारा त्याने पेटीत भरायचा, पण तो आकडा नॅव्हिगेटरकडून यायचा. पुढे तर काही विमानं हवेतून वाऱ्याची मोजमापं परत पाठवत, त्यांची सरासरी काढून ती सगळ्यांना रेडिओवर कळवली जाई (सेंट्रल सर्व्हरच की हो!). बॉम्बचा पडण्याचा अंतिम वेग तक्त्यातून. कुठला बॉम्ब कुठल्या क्रमाने आणि किती अंतराने सुटणार, हे सिलेक्टरच्या बटणांवर आणि डिस्ट्रिब्यूटरवर आधीच लावलेलं. टार्गेट? तेही त्याने शोधायचं नव्हतं. 1942 च्या ऑगस्टपासून पाथफाइंडर पथकं पुढे जाऊन टार्गेट दाखवायला लागली आणि नंतर लाल-हिरव्या रंगाचे मार्कर टाकू लागली. मग मास्टर बॉम्बर रेडिओवर सांगायचा, लाल सोडा, हिरव्यावर टाका. थोडक्यात, सगळे इनपुट बाहेरचे. त्याचं स्वतःचं काय, तर हातातलं एक पेराच्या आकाराचं बटण.

आणि हो, एक फोटो. बॉम्बबरोबर एक फ्लॅश बॉम्बही सुटायचा आणि विमानातला कॅमेरा टार्गेटचा फोटो काढायचा. त्यासाठी बॉम्ब टाकल्यावरही साधारण अर्धा मिनिट विमान सरळ ठेवावं लागे, तोफा आणि सर्चलाइटच्या ऐन मध्यात. परत आल्यावर तो फोटो तपासला जाई. म्हणजे ज्याने बटण दाबलं त्याचा ऑडिट लॉग होता. ज्यांनी हिरवा मार्कर कुठे पडावा हे ठरवलं, त्यांच्यावर असा कॅमेरा रोखलेला नव्हता.

त्यांनी काय ठरवलं होतं ते बघा. ऑगस्ट 1941 च्या बट अहवालाने दाखवून दिलं होतं, की ज्या विमानांनी टार्गेटवर हल्ला केल्याचं कळवलं, त्यातली फक्त एक तृतीयांश पाच मैलांच्या आत पोचली होती. मग 14 फेब्रुवारी 1942 ला नवा आदेश निघाला: शत्रूच्या नागरिकांचं, विशेषतः कामगारांचं मनोधैर्य हे मुख्य लक्ष्य. दुसऱ्याच दिवशी हवाई दलप्रमुख पोर्टल यांनी खुलासा केला की नेमाची ठिकाणं म्हणजे दाट वस्त्या, गोद्या किंवा विमानांचे कारखाने नव्हेत. नेम कुठे धरायचा हा खरा निर्णय इथे झाला, लंडनमध्ये, कागदावर. जुलै 1943 मध्ये हॅम्बुर्गवर आगीचं वादळ उठलं, त्या हल्ल्यांत सुमारे 37,000 माणसं मेली. बटणं दाबणारी मुलं विशीतली होती.

यावर कुणी म्हणेल, यंत्रच तसं होतं, अचूकता नव्हती, दुसरं काय करणार? हे अर्धंच खरं. मे 1943 मध्ये धरणं फोडायला गेलेल्या बॉम्ब एमर्सपैकी काहींच्या हातात लाकडाचं वाय आकाराचं साधं साधन होतं, टोकांना खिळे लावलेलं. धरणावरचे दोन मनोरे खिळ्यांच्या रेषेत आले की टाक. लक्ष्य एक होतं आणि डोळ्यांना दिसत होतं, म्हणून ते चाललं. 12 नोव्हेंबर 1944 ला 'टिर्पिट्झ' ही युद्धनौका बुडवली, त्या मोहिमेत नववं स्क्वॉड्रन मार्क फोर्टीन घेऊनच गेलं होतं. यंत्र तेच. फरक लक्ष्य काय दिलं यात होता.

दुसरा आक्षेप: त्याला नाही म्हणता आलं असतं की! म्हणता आलं असतं. पण त्या 'नाही'ची किंमतही ठरलेली होती. उड्डाणाला नकार देणाऱ्याच्या कागदावर 'लॅक ऑफ मॉरल फायबर', म्हणजे नैतिक बळाचा अभाव, असा शेरा बसू शकत होता. माझ्या मते सगळ्यात भयंकर गोष्ट वेगळीच आहे. भीतीपोटी एमर्स जरा लवकर बटण दाबत, त्यामुळे बॉम्ब हळूहळू अलीकडे सरकत येत. त्याला 'क्रीपबॅक' म्हणायचे. नियोजनकर्त्यांनी मग काय केलं? नेमाचं ठिकाणच पुढे सरकवायला लागले, म्हणजे मागे सरकणारे बॉम्बही वस्तीतच पडतील. माणसाची भीतीसुद्धा समीकरणात एक कॉन्स्टंट म्हणून टाकली! लूपमधल्या माणसाचं स्थान याहून स्पष्ट कसं सांगणार?

हिटलरशी लढायचं नव्हतं का, असं विचारणाऱ्यांना एवढंच सांगतो की लढायलाच हवं होतं. बॉम्बर कमांडच्या सुमारे 1,25,000 वैमानिक-सैनिकांपैकी 55,573 मेले, त्यांचं धैर्य वादातीत आहे. म्हणूनच पुढचं जास्त बोचतं. 28 मार्च 1945 च्या टिपणात खुद्द चर्चिलनी केवळ दहशतीसाठी होणाऱ्या बॉम्बफेकीबद्दल प्रश्न उपस्थित केला, जणू ती दुसऱ्याच कुणाची होती. (पोर्टल चिडल्यावर ते टिपण मागे घेऊन सौम्य केलं.) बटण दाबणाऱ्यांचं लंडनमधलं स्मारक उभं राहायला 2012 साल उजाडावं लागलं.

आणि ब्लॅकेट? ज्याने नेम धरणारं यंत्र घडवलं, त्याच माणसाने 1942 मध्ये वस्त्यांवरच्या बॉम्बफेकीला विरोध केला. तिच्यासाठी मांडलेले आकडे फुगवलेले आहेत, असं त्याने सांगितलं. ऐकलं नाही कुणी. पण तो बोलला. हाच ब्लॅकेट 1948 मध्ये नेहरूंच्या सरकारला संरक्षण-विज्ञानावर सल्ला द्यायला आला होता. "मी फक्त मॉड्यूल लिहिलं" असं म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवावं.

तेव्हा पुढच्या मीटिंगमध्ये कुणी आकृतीतल्या त्या छोट्या माणसाकडे बोट दाखवलं, तर तीन प्रश्न विचारा. यंत्राने न सांगितलेलं असं काही त्याला दिसतं का? नाही म्हणायला त्याला वेळ आहे का? आणि नाही म्हटलं तर त्याचं काय होतं? उत्तरं नकारार्थी किंवा लाजिरवाणी असतील, तर तो माणूस तिथे निर्णय घ्यायला ठेवलेलाच नाही. उद्या काही बिघडलं तर फोटो कुणाचा काढायचा, एवढ्यासाठी तो तिथे आहे.