तलवार तुमची, पण गेम कुणाचा?

पेणला खिडकीवर सावंतवाडीचं तिकीट काढा. रोह्याला मध्य रेल्वेची हद्द संपते आणि कोकण रेल्वेची सुरू होते. पण तिथे कुणी तुम्हाला खाली उतरवून नवं तिकीट काढायला लावत नाही. रूळ एकाच मापाचे, आणि दोन्ही रेल्वेंचं आपसात ठरलेलं. ‘इंटरऑपरेबल’ या जडजंबाळ शब्दाचा फंडा एवढाच!

ब्लॉकचेन गेमवाले हेच स्वप्न विकतात. एका गेममध्ये मिळवलेली तलवार टोकन बनून तुमच्या वॉलेटमध्ये येणार. मग ती न्या दुसऱ्या गेममध्ये आणि चालवा. सॉलिड ना?

यात थोडं तथ्यही आहे. २०१७ मध्ये आलेल्या ‘क्रिप्टोकिटीज’ची डिजिटल मांजरं इतरांनी बनवलेल्या छोट्या गेम्समध्येही खेळली. २०१८ मध्ये अशा टोकनांसाठी ‘ईआरसी-७२१’ हे स्टँडर्ड पक्कं झालं. म्हणजे रुळांचं माप ठरलं.

पण माप ठरलं म्हणून गाडी धावत नाही, बॉस! टोकन सांगतं ते मुख्यतः मालक कोण एवढंच. तलवार दिसते कशी, वार किती जोरात बसतो, हे दुसऱ्या गेमवाल्याला नव्याने बनवावं लागतं. स्वतःच्या तलवारी विकायच्या सोडून तो तुमची फुकटात कशाला चालवून घेईल? पेणच्या कारखान्यातून मूर्ती आणतानाही आपण मखराची उंची बघतोच की. इथे तर मखरच दुसऱ्याच्या घरात!

‘एफ-वन डेल्टा टाइम’चं उदाहरण घ्या. २०१९ मध्ये या गेममधली एक डिजिटल गाडी लाखाहून जास्त डॉलर्सना विकली गेली. मार्च २०२२ मध्ये लायसन्स संपलं आणि गेम बंद! कंपनीने बदल्यात दुसऱ्या गेमसाठी गाड्या देऊ केल्या, पण ती कंपनीची मर्जी. गाडीची नोंद ब्लॉकचेनवर शाबूत, फक्त ट्रॅकच गायब.

त्यात आपल्याकडे २०२२ पासून अशा टोकनांच्या नफ्यावर ३० टक्के टॅक्स आहे, आणि एका टोकनमधला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजाही करता येत नाही.

तेव्हा पगारातले पैसे टाकण्याआधी एकच प्रश्न विचारा: हे टोकन आज, आत्ता, दुसऱ्या कुठल्या गेममध्ये चालतं? उत्तर ‘लवकरच’ असं आलं, तर समजा, गाडी रोह्याच्या पुढे जात नाही. मजा म्हणून खेळा, बिनधास्त. इन्व्हेस्टमेंट म्हणून? जरा थांबाच.