पारा कुणाच्या अंगात उतरला?



मागच्या महिन्यात आपल्या अभ्यासवर्गात एक प्राध्यापक येऊन गेले. विषय होता पाऱ्याची बंद पडलेली खाण. दक्षिण अमेरिकेतला पेरू देश, तिथल्या डोंगरातलं हुआनकावेलिका गाव, गावाच्या डोक्यावर सांता बार्बरा खाण. तासभर बोलले. दगड सांगितला, भट्टी सांगितली, पाऱ्याचा भाव सांगितला. माणूस सांगितला नाही. वर्ग सुटल्यावर आपलाच एक पोट्टा म्हणाला, 'का बे, नागभीडले बसून पेरूचं का घेऊन बसले हे? आपल्याले त्याचं का?'

मला या दोघांनाही उत्तर द्यायचं आहे. मी भात गिरणीतला कामगार. शाळा अर्ध्यात सुटली, पुढचं वाचन पोत्यावर बसून केलं. चुकलं तर सांगा, पण आधी ऐकून घ्या.

प्राध्यापक बोलले ते खोटं नव्हतं. जमिनीच्या पोटातलं गरम पाणी भेगांतून वर येतं, सोबत पारा आणि गंधक आणतं, वालुकाश्माच्या फटींत थंड होऊन बसतं. तोच हिंगूळ. लालभडक दगड. शंभर किलो निव्वळ हिंगुळात 86 किलो पारा. दगड भट्टीत भाजला की गंधक जळतं, पाऱ्याची वाफ होते, वाफ थंड झाली की पुन्हा पारा. 1633 साली लोपे दे सावेद्रा बार्बा यानं तिथं नवी भट्टी काढली. मातीची मडकी तोंडात तोंड घालून ओळीनं मांडायची, वाफ त्यांतून जाता जाता निवायची. स्पेनच्या अल्मादेन खाणीनंही पुढं हीच रीत उचलली.

छान. पण मडक्यांच्या सांध्यांतून गळालेली वाफ कुणाच्या नाकात गेली? हा प्रश्न भूगर्भशास्त्रात बसत नाही म्हणे. मग कुठल्या शास्त्रात बसतो?

तिथले मूळचे लोक हिंगूळ रंगासाठी वापरत. 1564 च्या सुमाराला स्पेनवाल्यांच्या हाती खाण लागली. त्यांना पारा हवा होता चांदीसाठी. पोतोसीच्या डोंगरातला दगड कुटून त्यात पारा कालवला की पारा चांदीला धरतो. मग तापवून पारा उडवायचा, चांदी उरते. चांदी गेली युरोपात. पारा राहिला पेरूच्या माणसांत.

कारण खाणीत खुशीनं कोण उतरणार? म्हणून व्हाईसरॉय तोलेदोनं 1570 नंतर जुन्या 'मीता' पद्धतीला नवा फास लावला. मीता म्हणजे वेठ. प्रत्येक गावानं ठराविक गडी पाळीपाळीनं द्यायचेच. माणसं पाठीवर ओझं घेऊन अंधारात चढत. धुळीनं छाती भरे. वाफेनं हात कापत, हिरड्या सुजत, दात गळत, डोकं फिरे. पोरगा खाणीत जाऊ नये म्हणून आया पोटच्या पोराला अपंग करत, असं त्या काळच्या कागदांत लिहिलेलं आहे. 1786 साली खाणीचा वरचा भाग कोसळला, शंभरावर माणसं गाडली गेली. मीता कायद्यानं गेली 1812 साली.

खाण गेल्या शतकात बंद पडली. प्राध्यापकांचं भाषणही इथंच बंद पडलं.

माझं इथून सुरू होतं. त्या गावातल्या गरिबांची घरं कच्च्या मातीच्या विटांची. शेकडो वर्षं भट्ट्यांची वाफ ज्या जमिनीवर बसली, त्याच जमिनीची माती. या शतकात संशोधकांनी त्या भिंती तपासल्या तर भिंतींत पारा निघाला! खाणीला कुलूप, आणि पारा चुलीपाशी, पोरांच्या उशाशी. आमच्याही घराच्या भिंती मातीच्या आहेत, आई हातानं सारवते. ते वाचलं त्या रात्री मी भिंतीकडं बघत पडलो होतो.

'बंद' हा शब्द मालकाचा आहे. माझा बा वीस वर्षं एका गिरणीत राबला. कोंडा छातीत बसला, खोकला लागला, मालकानं हिशोब हातात दिला. पुढं गिरणी बंद पडली. बाचा खोकला बंद पडला नाही.

कोडाईकनालचा थर्मामीटर कारखाना 2001 साली बंद झाला, पाऱ्याचा कचरा सापडला म्हणून. 591 जुन्या कामगारांशी कंपनीचा समझोता झाला 2016 साली. पंधरा वर्षं कारखाना बंद आणि कामगार चालू!

आणि पोट्ट्या, तुला म्हणून सांगतो. आपल्या जिल्ह्यात पाऱ्याची खाण नाही, खरं आहे. पण कोळशात पारा असतो, थोडा थोडा. जाळला की चिमणीतून वर जातो. चंद्रपूरचं वीज केंद्र 2920 मेगावॅटचं. 2009 साली केंद्रीय प्रदूषण मंडळाच्या यादीत चंद्रपूर देशात चौथं होतं. वीज केंद्रांच्या पाऱ्यावर केंद्र सरकारनं मर्यादा घातली ती 2015 साली. त्याआधी तो पारा मोजायचं कुणाला सुचलं होतं? आता सांग, पेरू किती लांब?

फरकही सांगतो, नाहीतर उगाच टाळ्या. पेरूत वेठ गावावर होती, पाळी संपली की जगला-वाचला तो घरी जाई. आपल्याकडं पाळी जन्मानंच लागते आणि संपत नाही. सुरक्षेच्या साधनांशिवाय गटारात माणूस उतरवायला 2013 च्या कायद्यानं बंदी घातली, तरी माणूस उतरतो, मरतो, आणि त्याची जात विचारावी लागत नाही.

बाबासाहेब मजूर सदस्य असताना 1943 च्या डिसेंबरात धनबादच्या कोळसा खाणीत स्वतः खाली उतरले होते. मजूर कसा राबतो, कसा राहतो ते बघायला. 1944 साली कोळसा खाण कामगारांच्या कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. आपण त्यांची जयंती करतो, डीजे लावतो. खाली कोण उतरतो ते बघायला आपल्यातला कोण जातो?

तिकडं एटापल्लीत सुरजागडच्या डोंगरातून लोखंड निघतंय. उद्या आणखी खाणी येतील. कुणी म्हणेल रोजगार, कुणी म्हणेल जंगल. दोन्ही खरं. पण सभेत उभं राहून आधी हे विचारा : खाली कोण उतरणार? त्याची छाती कोण तपासणार, आणि तो कागद त्याच्या हातात देणार का? खाण बंद झाल्यावर उरलेलं विष कुणाच्या वस्तीत राहणार?

उत्तर लेखी घ्या. नाव, गाव, जात, आजार, वही घालून लिहून ठेवा. हुआनकावेलिकाच्या पाऱ्याचा हिशोब राजाच्या वहीत नीट आहे. माणसांची वही कुणी ठेवली नाही.

आपली आपण ठेवू. मी पहिलं नाव लिहिलंय. बाचं.