साखऱ्याला स्वातंत्र्य कधी मिळाले?

हिंगोली जिल्ह्यातील सेनगाव तालुक्यात, साखऱ्यासारख्या गावांत, महिन्याभराच्या अंतराने दोनदा झेंडावंदन होते. १५ ऑगस्टला देशाबरोबर आणि १७ सप्टेंबरला मराठवाड्याबरोबर. एकाच देशात स्वातंत्र्याच्या दोन तारखा कशाला, असा प्रश्न काही जण विचारतात. काहींच्या मते तर दुसरी तारीखच आपली खरी. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे, म्हणून दोन्ही नीट ऐकून घेतली पाहिजेत.

सेनगाव तालुक्याची हद्द वाशीम जिल्ह्यातल्या रिसोड तालुक्याला लागून आहे. १९४७ मध्ये ही साधी जिल्ह्याची हद्द नव्हती. रिसोड वऱ्हाडात, म्हणजे इंग्रजांच्या कारभाराखाली. सेनगावकडची गावे निजामाच्या हैदराबाद संस्थानातल्या परभणी जिल्ह्यात. इकडे निजामाचा हाली सिक्का चाले, तिकडे इंग्रजांचा कलदार रुपया. माल घेऊन पलीकडे जायचे तर करोडगिरी नाक्यावर जकात भरावी लागे. १५ ऑगस्ट १९४७ रोजी रिसोड स्वतंत्र झाले आणि साखऱ्याच्या बाजूला तिरंगा फडकावणे हा गुन्हाच राहिला. खुद्द हैदराबादेत मुक्तिलढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांना त्याच दिवशी अटक झाली. इथल्या शेतकऱ्याला स्वातंत्र्यासाठी आणखी तेरा महिने थांबावे लागले. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य संस्थानात शिरले आणि १७ तारखेला निजामाने शस्त्रसंधी जाहीर केली.

एकच तारीख हवी, असे म्हणणाऱ्यांचा युक्तिवाद हलका नाही. संस्थाने विलीन होऊन देश एकसंध झाला. मग प्रत्येक प्रदेशाने आपला वेगळा मुक्तिदिन का जपावा? शिवाय १७ सप्टेंबरवरून राजकारण पेटते. तेलंगणात २०२२ मध्ये केंद्र सरकारने हा दिवस ‘हैदराबाद मुक्तिदिन’ म्हणून साजरा केला, तर राज्य सरकारने ‘राष्ट्रीय एकात्मता दिन’ म्हणून. २०२४ मध्ये राज्यातल्या नव्या सरकारने त्याला तिसरेच नाव दिले. हा दिवस म्हणजे एका धर्मावर दुसऱ्या धर्माचा विजय, असे चित्र रंगवणारेही आहेत. याची चिंता वाटणे रास्तच आहे.

दुसरी बाजू वस्तुस्थितीची आहे. जे घडले ते तारखेसकट सांगितले नाही, तर इथल्या माणसांचा लढाच पुसला जातो. १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसवर स्थापनेआधीच बंदी आली, तरी सत्याग्रह झाला. पुढे निजाम सरकारला महसूल देणारी शिंदीची झाडे तोडली गेली, करोडगिरी नाके जाळले गेले, वऱ्हाडातल्या उमरखेडसारख्या ठिकाणी सरहद्दीवर लढणाऱ्यांचे कॅम्प उभे राहिले. वसमत तालुक्यातले बहिर्जी शिंदे याच सेनगाव तालुक्यातल्या आजेगावला हुतात्मा झाले. स्वातंत्र्य सैन्याने आयते आणून दिले, असे म्हणणे या माणसांवर अन्याय करणारे आहे. हा लढा धर्माविरुद्ध नव्हता, याचीही साक्ष आहे. ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे संपादक शोएबउल्ला खान यांनी भारतात सामील होण्याची बाजू घेतली, म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांचा खून झाला.

तारखांचा हा पेच जगात अनेकांना पडला आहे. इंडोनेशियाने १७ ऑगस्ट १९४५ रोजी स्वातंत्र्य जाहीर केले, पण डचांनी सत्ता सोडली ती २७ डिसेंबर १९४९ रोजी. इंडोनेशिया पहिलीच तारीख मानतो. फिलिपिन्सला अमेरिकेने ४ जुलै १९४६ रोजी स्वातंत्र्य दिले, पण १९६२ मध्ये त्या देशाने आपला स्वातंत्र्यदिन बदलून १२ जून केला, कारण १८९८ मध्ये त्या दिवशी त्यांनी स्वतः स्पेनपासून मुक्ती जाहीर केली होती. बांगलादेश २६ मार्चला स्वातंत्र्यदिन आणि १६ डिसेंबरला विजयदिन पाळतो. त्यामुळे त्या देशाच्या एकजुटीला तडा गेलेला नाही. आपल्याकडे गोवाही १९ डिसेंबर १९६१ ची आठवण जपतोच. आपण केव्हा उठलो आणि परकी किंवा जुलमी सत्ता केव्हा गेली, या दोन्हींना स्थान देण्याची रीत जगन्मान्य आहे.

या सगळ्यात सर्वात अवघड बाजू सहसा टाळली जाते. निजामाची सत्ता टिकवू पाहणाऱ्या सशस्त्र रझाकारांनी गावे लुटली, माणसे मारली, हजारो कुटुंबांना सरहद्द ओलांडून पळावे लागले. सप्टेंबर १९४८ च्या त्या लष्करी कारवाईनंतर, म्हणजे ‘पोलीस कारवाई’नंतर, अनेक भागांत मुस्लिमांवर सूड उगवला गेला. भारत सरकारनेच पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने त्या हिंसाचारातल्या मृतांचा आकडा हजारोंच्या घरात सांगितला आणि सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद व नांदेडची नावे घेतली. तो अहवाल कित्येक दशके लोकांसमोर आला नाही. रझाकारांचे अत्याचार सांगणे म्हणजे द्वेष पसरवणे नव्हे, आणि सूडात गेलेल्यांची नोंद घेणे म्हणजे मुक्तिलढ्याचा अपमान नव्हे. एक सांगून दुसरे झाकले, की मात्र तो दिवस खरोखरच दुहीचा होतो.

१७ सप्टेंबरलाही सारे मिळाले नव्हतेच. त्यानंतर लष्करी प्रशासन आले. २६ जानेवारी १९५० रोजी राज्यघटना लागू झाली तेव्हा हैदराबाद राज्याचे राजप्रमुख निजामच होते. जनतेच्या मतांवर निवडलेले सरकार आले ते १९५२ मध्ये. मराठवाडा मराठी मुलखात आला १९५६ मध्ये आणि महाराष्ट्र राज्य झाले १९६० मध्ये. स्वातंत्र्य टप्प्याटप्प्याने आले, आणि प्रत्येक टप्प्यासाठी कोणीतरी झिजले.

म्हणून आमचे मत असे: दोन्ही झेंडावंदने राहावीत. १५ ऑगस्ट आपल्याला देशाशी जोडतो, १७ सप्टेंबर त्या जोडण्याची किंमत सांगतो. पण दुसरा दिवस पालकमंत्र्यांचे भाषण आणि शाळेतली रांग एवढ्यावर उरकू नये. प्रत्येक ग्रामपंचायतीने आपल्या शिवारातले सत्याग्रही, भूमिगत कार्यकर्ते, त्यांना भाकरी पोचवणाऱ्या बाया, रझाकारांनी मारलेले आणि नंतरच्या सूडात गेलेले गावकरी यांची नावे कोणत्याही जातिधर्माचा भेद न करता नोंदवावीत, आणि ती यादी त्या दिवशीच्या ग्रामसभेत वाचावी. ते दिवस स्वतः पाहिलेली माणसे आता फार थोडी उरली आहेत, म्हणून हे काम या वर्षीच हाती घ्यावे. नावाचा वाद दिल्ली आणि हैदराबादला घालू द्या. साखऱ्याच्या ग्रामसभेला ही यादी करायला कोणाच्या परवानगीची गरज नाही.