एक वर्ष थांबण्याचा अधिकार कोणाला?

दरवर्षी नीटचा निकाल लागला की आमच्याकडे वेगळेच पक्षकार येऊ लागतात. त्यांचा कोणताही खटला नसतो. हातात गुणपत्रिका असते, सोबत आई किंवा बाप असतो आणि प्रश्न एकच असतो. पुन्हा परीक्षा द्यायची की नाही?

पिंपरीच्या संत तुकाराम नगरातून असेच एक बाप-लेक आमच्याकडे आले. बाप मूळचा मराठवाड्यातला, चाकणच्या औद्योगिक वसाहतीत ठेकेदारामार्फत कामाला. मुलगी बारावी विज्ञान उत्तीर्ण. पहिल्याच प्रयत्नात नीट पात्र झाली, पण सरकारी महाविद्यालयातील एमबीबीएसची जागा थोड्या गुणांनी हुकण्याची चिन्हे होती. बाप म्हणाला, "साहेब, क्लासवाले म्हणतात एक वर्ष थांबा, नक्की होईल. पण फी कशातून भरू? माझं स्वतःचं काम सात महिन्यांचं. आठव्या महिन्यात ठेकेदार गेटच्या आत घेईल का, ते मलाच ठाऊक नाही." मुलगी खाली मान घालून बसली होती. बऱ्याच वेळाने ती एवढेच बोलली, "दादाला दोन वर्षं दिली होती."

बाप-लेकीच्या या दोन वाक्यांत वैद्यकीय शिक्षणाचे सगळे राजकारण आले आहे. परीक्षा कधी द्यावी, किती वेळा द्यावी, याची चर्चा मोठ्या वर्तमानपत्रांच्या करिअर पुरवण्यांत हुशारीचा प्रश्न म्हणून होते. आमच्या वस्त्यांत तो मालमत्तेचा प्रश्न आहे. ज्याच्याकडे जमीन आहे, पगार आहे, पेन्शन आहे, त्याच्याकडे वेळही आहे. ज्याचा बाप सात महिन्यांच्या कामावर आहे, त्याने आपल्या लेकराला बारा महिने कोठून द्यायचे?

कागदावर पाहिले तर सर्वांना समान संधी आहे. नीट कितीही वेळा देता येते. वरच्या वयाची अट २०२२ साली काढून टाकण्यात आली. २०२४ साली सुमारे २४ लाख विद्यार्थ्यांनी नोंदणी केली. एमबीबीएसच्या जागा होत्या सुमारे १ लाख ८ हजार आणि त्यांपैकी सरकारी महाविद्यालयांतल्या जेमतेम ५६ हजार. इतक्या गर्दीत तीन तासांच्या एका पेपरावर सर्व ठरते. अशा वेळी जो पुन्हा पुन्हा रांगेत उभा राहू शकतो, त्याचे पारडे जड होणार हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

तरीही तामिळनाडू सरकारने ते आकड्यांत मांडून दाखवले. न्यायमूर्ती ए. के. राजन समितीने २०२१ साली दिलेल्या अहवालानुसार, त्या राज्यात २०१६-१७ साली एमबीबीएसला प्रवेश मिळवणाऱ्यांत पुन्हा परीक्षा देऊन आलेले विद्यार्थी साधारण १२ टक्के होते. नीट लागू झाल्यानंतर, २०२०-२१ पर्यंत ते प्रमाण ७१ टक्क्यांवर गेले. म्हणजे बारावीच्या वर्षीच पहिल्या झटक्यात डॉक्टरकीला लागणारे विद्यार्थी अल्पसंख्य झाले. पाठ्यपुस्तक वाचून, बोर्डाची परीक्षा देऊन पुढे जाणारा मुलगा मागे पडला आणि ज्याला एक-दोन वर्षे क्लासात बसवता आले तो पुढे गेला. ही गुणवत्ता की ऐपत, याचा विचार वाचकांनीच करावा.

महाराष्ट्रात तर परीक्षेचे स्वरूपच वारंवार बदलले. २०१३ साली प्रवेश नीटवर झाले. त्याच वर्षी जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने नीट रद्द केली. २०१४ आणि २०१५ ला राज्याची सीईटी आली. २०१६ साली २८ एप्रिलला न्यायालयाने पुन्हा नीटचा आदेश दिला, तेव्हा १ मेची परीक्षा तीन दिवसांवर होती आणि राज्याची सीईटी ५ मेला ठरलेली होती. अखेर २४ मेच्या अध्यादेशाने त्या वर्षापुरती राज्याची सीईटी वाचली. पैसेवाल्यांनी या काळात दोन्ही परीक्षांचे क्लास लावले. राज्य मंडळाचे पुस्तक हाच ज्यांचा आधार होता, त्यांनी काय करावे? त्या वर्षीची नीट इंग्रजी आणि हिंदीतच होती, मराठीत ती पुन्हा २०१७ पासून आली. पुढे २०२० साली कोरोनाने परीक्षा ३ मेवरून २६ जुलैला आणि तेथून १३ सप्टेंबरला गेली. काहींना चार महिने अभ्यासाला जास्त मिळाले. आमच्या कामगारांची कुटुंबे त्याच चार महिन्यांत खोल्या रिकाम्या करून गावी गेली होती. एकच वेळ, पण एकाला ती बोनस मिळाली आणि दुसऱ्याला शिक्षा.

संत तुकाराम नगरात ही विषमता नकाशावर दिसते. येथे महापालिकेचे ७५० खाटांचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आहे. चाकणपासून कासारवाडीपर्यंतचा कामगार आजारी पडला की 'वायसीएम'लाच येतो. तेथे पदव्युत्तर शिक्षण चालते, पण बारावीच्या मुलीसाठी तेथे एमबीबीएसचा वर्ग नाही. त्याच परिसरात डॉ. डी. वाय. पाटील विद्यापीठाचे वैद्यकीय महाविद्यालय आहे. ते अभिमत विद्यापीठ. अभिमत विद्यापीठांचे प्रवेश केंद्रीय समुपदेशनातून होतात, तेथे अनुसूचित जातींना आरक्षण नाही आणि अशा ठिकाणचे वर्षाचे शुल्क वीस लाखांच्या पुढे जाते. घटनेत ९३वी दुरुस्ती होऊन कलम १५(५) आले, सर्वोच्च न्यायालयाने ते उचलूनही धरले, पण त्या कलमाचा आधार घेऊन अभिमत विद्यापीठांची दारे उघडण्याची इच्छाशक्ती कोणत्याही केंद्र सरकारने दाखवली नाही. ही मुलगी वैद्यकीय महाविद्यालयाच्या शेजारी राहते आणि तिची आशा मात्र दूरच्या जिल्ह्यातील सरकारी जागेवर आहे.

या भागाची एक जुनी गोष्टही ध्यानात घेतली पाहिजे. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, मागोमाग मोठे कारखाने आले. त्या पिढीतील जो आमचा माणूस कायम झाला, त्याला भविष्य निर्वाह निधी मिळाला, ग्रॅच्युइटी मिळाली, कर्ज मिळाले. त्याच्या मुलाला एखादे वर्ष वाया घालवण्याची, पडून पुन्हा उठण्याची मुभा होती. त्या घरांतून इंजिनिअर झाले, डॉक्टर झाले, आमच्यासारखे वकीलही झाले. आजच्या ठेकेदारीने कामगाराचा पगार कापलाच, त्याच्या मुलांच्या हातातला वेळही हिरावून घेतला. कामगार कायद्यांचा आणि नीटचा संबंध काय, असे विचारणाऱ्यांना हे उत्तर आहे.

त्यात सरकारी योजनांची गंमत पाहा. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती हवी तर मान्यताप्राप्त अभ्यासक्रमाला प्रवेश हवा. समाजकल्याणचे वसतिगृह हवे तर प्रवेश हवा. वसतिगृह न मिळालेल्यांसाठीच्या स्वाधार योजनेलाही प्रवेश हवा. बारावी होऊन पुन्हा परीक्षेला बसणारी मुलगी कोणत्याच महाविद्यालयात नसते. म्हणजे तिला आधाराची सर्वाधिक गरज असते, नेमक्या त्याच वर्षी ती सरकारच्या लेखी अस्तित्वात नसते. बार्टीने नीटच्या मोफत प्रशिक्षणाचा मार्ग काढला, त्याचे स्वागत आहे. पण तेथील जागा आणि आमच्या वस्त्यांतील गरज यांचे गणित जुळत नाही.

येथे आम्हाला स्वतःची एक चूक कबूल केली पाहिजे. काही वर्षांपूर्वी एक हुशार मुलगा याच प्रश्नासाठी आला होता. आम्ही मोठ्या आवेशात सांगितले, "हार मानायची नाही, पुन्हा दे." वर्षाचा खर्च कोण करणार, तो कोठे बसून वाचणार, पुन्हा जमले नाही तर पुढे काय, यांपैकी एकही प्रश्न आम्ही विचारला नाही. त्याने तीन वेळा परीक्षा दिली. घरातले दागिने गेले, धाकट्या बहिणीचे शिक्षण थांबले. आज तो चाकणला ठेकेदाराकडे हजेरी लिहितो. भेटला की जयभीम करतो, तक्रार करत नाही. पण आमच्या भाषणाची किंमत त्याच्या घराने भरली, हे आम्ही विसरू शकत नाही.

मग मुलांनी थांबूच नये काय? तसे मुळीच नाही. बाबासाहेबांच्या आयुष्यातही असा खंड पडला होता. १९१७ साली बडोद्याची शिष्यवृत्ती संपल्याने लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. परंतु परतताना चार वर्षांच्या आत अभ्यास पुन्हा सुरू करण्याची परवानगी त्यांनी विद्यापीठाकडून मिळवली होती. मग सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसे साठवले. शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या मित्राने कर्ज दिले आणि १९२० साली, मुदत संपण्याआधी, ते लंडनला पोहोचले. १९२१ ला एम. एस्सी. आणि १९२३ ला डी. एस्सी. झाले. बाबासाहेबांच्या थांबण्याला मुदत होती, कागद होता, पैशाची तजवीज होती आणि पाठीशी माणसे होती. आम्ही त्या मुलाला यांतले काय दिले होते? फक्त घोषणा.

म्हणून पालकांना आमचे सांगणे असे. पहिली परीक्षा बारावीच्या वर्षीच द्यावी. प्रयत्नांची मर्यादा नसल्याने त्यात गमावण्यासारखे काही नाही आणि मूल कोठे आहे ते कळते. तयारी मात्र अकरावीपासून धरावी आणि त्यात पहिली तयारी कागदांची. जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज अकरावीतच करावा. आमच्या घरांत आजोबांच्या नोंदीत 'महार' आणि वडिलांच्या दाखल्यावर 'बौद्ध' असते. १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा गावच्या शाळेतील दाखल-खारीज रजिस्टरात किंवा कोतवाल बुकात शोधावा लागतो. मराठवाड्यातील गावाला दोन-तीन खेपा होतात, मजुरी बुडते. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यात कोणाला वैधता मिळाली असेल तर ती अवश्य जोडावी. केंद्रीय कोट्यासाठी केंद्राच्या नमुन्यातील, मूळ जातीचा उल्लेख असलेले प्रमाणपत्र वेगळे काढावे. बौद्धांना १९९० साली संसदेने दिलेला हक्क नुसत्या 'बौद्ध' या शब्दावर अडू देऊ नये. गुण असूनही कागदाअभावी ज्याला थांबावे लागते, त्याच्यासारखे दुर्दैव नाही.

दुसरे, निकालानंतर घाईने 'रिपीट'चा निर्णय घेऊ नये. अनेक पालक शुल्काच्या भीतीने राज्य कोट्यातील खासगी विनाअनुदानित महाविद्यालयांचे पर्यायच भरत नाहीत. तेथे अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याच्या शिक्षणशुल्काची प्रतिपूर्ती सरकार करते. इतर खर्च उरतो, पण तो क्लासच्या एका वर्षाशी ताडून पाहावा. त्याच गुणांवर दंतवैद्यक आहे, आयुर्वेद आहे. सर्व फेऱ्या संपेपर्यंत आशा सोडू नये.

तिसरे, थांबायचेच ठरले तर एकच वर्ष, आणि दुसरी वाट आधी ठरवून. बी. एस्सी.ला प्रवेश घेऊन तयारी करता येते, मात्र पुढे अभ्यासक्रम बदलल्यास शिष्यवृत्तीचे काय होईल हे समाजकल्याण कार्यालयात आधीच विचारून घ्यावे. आणि घरात जे वर्ष मुलाला मिळते, तेच मुलीलाही मिळाले पाहिजे. मुलीच्या थांबण्याला आमच्या घरांतही लग्नाचे घड्याळ लावले जाते. घराच्या दारावर निळा झेंडा आणि आत मनूचा कायदा, हे चालणार नाही.

नीटच्या प्रयत्नांवर मर्यादा घाला, अशी सूचना अधूनमधून होते. आमच्यातील काहींना ती पटते. आम्हाला पटत नाही. पहिल्या पिढीतील विद्यार्थ्याला परीक्षा समजायलाच एक प्रयत्न लागतो. मर्यादेने क्लासवाल्यांच्या मुलांचे फारसे बिघडणार नाही. ती सहावीपासून तयारी करतील. उशिरा जागे झालेले आमचे मूल मात्र कायमचे बाहेर पडेल. उपाय उलट आहे. ठरावीक गुण मिळवून पुन्हा परीक्षेला बसणाऱ्या अनुसूचित जाती-जमातीच्या विद्यार्थ्यांना एका वर्षासाठी वसतिगृह आणि स्वाधार लागू करा. त्याचबरोबर, राज्य कोट्यात प्रवेश मिळालेल्यांपैकी किती जण बारावीच्या वर्षीच आले आणि किती जण थांबून आले, हे प्रवर्गवार जाहीर करा. बारावी उत्तीर्ण झाल्याचे वर्ष अर्जातच असते, तेव्हा हिशेब अवघड नाही. सरकार देत नसेल तर माहिती अधिकाराखाली तो मागण्याचे काम चळवळीतील वकिलांनी हाती घ्यावे. आम्ही ते करणार आहोत.

त्या बाप-लेकीला आम्ही या वेळी भाषण दिले नाही. कागद घेऊन बसलो. खर्च लिहिला, पर्याय लिहिले. वैधतेचा अर्ज तपासला. सर्व फेऱ्यांचे पर्याय भरायचे आणि काहीच हाती लागले नाही तर एक वर्ष, पुढच्या परीक्षेपर्यंतच, असे ठरले. दोन वर्षे मिळालेला भाऊ आता कमावतो. दर महिन्याला ठरावीक रक्कम द्यायचे त्याने मान्य केले, आणि अभ्यासाला जागा देण्याचे वस्तीतल्या एका निवृत्त कामगाराने. अशी एकेक खोली प्रत्येक विहारात उघडी का असू नये? आंबेडकर जयंतीच्या मिरवणुकीतील एका डीजेच्या भाड्यात एका मुलीचे किती महिने निघतात, हा हिशेब प्रत्येक मंडळाने येत्या १४ एप्रिलच्या आधी मांडून पाहावा.