ताम्हणाची नोंदवही

जपानमधील चेरीचा बहर जगप्रसिद्ध आहे. हिवाळाभर निष्पर्ण असलेले झाड वसंतात फुलांनी भरून जाते. ही शोभेची चेरी पनवेलला लावली, तर अशीच फुलेल का? नाही. तिच्या कळ्यांची झोप मोडण्यासाठी कित्येक आठवड्यांची कडक थंडी लागते. ती कोकणात कोठून मिळणार?

परंतु विद्यार्थी मित्रांनो, वाईट वाटून घेऊ नका. कोकणात ओढ्याकाठी वाढणारे ताम्हण शोभेत कमी नाही. त्याचे फूल हे महाराष्ट्राचे राज्यपुष्प आहे. थंडी सरता सरता त्याची पाने तांबूस होऊन गळतात. पुढे नवी पालवी येते आणि एप्रिल-मेच्या उन्हात फांद्यांच्या टोकांना जांभळट गुलाबी तुरे उभे राहतात. चुरगळलेल्या रेशमासारख्या सहा पाकळ्या आणि मध्ये पिवळ्या पुंकेसरांचा झुबका! नंतर कठीण बोंडे धरतात. ती वाळून उकलली, की पंख असलेले बी वाऱ्यावर पसरते.

जपान्यांकडून घ्यायचे ते चेरीचे रोप नव्हे, तर नोंद ठेवण्याची सवय. क्योटो शहरातील बहराच्या तारखा जुन्या रोजनिशांतून इ.स. 812 पर्यंत मागे नेता आल्या आहेत. 2021 साली तेथे 26 मार्चलाच बहर पूर्ण आला. तोवरच्या नोंदींत इतका लवकर बहर कधीच आला नव्हता. हवामान तापते आहे, हे त्या रोजनिशांनी दाखवून दिले.

आपल्या ताम्हणाचे काय? पनवेल 2016 साली महानगरपालिका झाले. सिमेंट वाढले, शेते घटली. याचा बहरावर परिणाम झाला का? जुन्या तारखाच लिहिलेल्या नसतील, तर उत्तर कशावरून द्यायचे?

म्हणून माझे मत असे, की पनवेलच्या प्रत्येक शाळेने झाडांची नोंदवही ठेवावी. चार-पाच झाडे ठरवावीत. दर सोमवारी तीच झाडे पाहून पानगळ, पालवी, कळी, फूल, बोंड यांची नोंद करावी. काही बदल नसेल, तर तसेही लिहावे. ऐन बहरात शाळेला सुटी असते, ही अडचण खरी; पण जवळ राहणाऱ्यांनी पाळी लावून घेतली, की ती सुटते.

एका वर्षाच्या नोंदीवरून काही सिद्ध होणार नाही. म्हणूनच दहावीच्या मुलांनी शाळा सोडताना ही वही पाचवीच्या हाती द्यावी. वीस वर्षांनी तिचे मोल कोणत्याही बक्षिसापेक्षा अधिक ठरेल.