हरित वसई आणि बहिणीची सही

वसईबाहेरच्या मैत्रिणींना एका गोष्टीचं नेहमी नवल वाटतं. आम्ही इथले ख्रिस्ती लोक चर्चला ‘देऊळ’ म्हणतो. ‘देवळात जाऊन येते गं’ म्हणत पहाटे निघालेली म्हातारी मिस्साला चाललेली असते. मिस्सा मराठीत, गाणी मराठीत, प्रवचनही मराठीत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं (१९६२-६५) लोकांच्या भाषेत उपासना करायला मोकळीक दिली, तेव्हापासून लॅटिन मागे पडली. चारशे वर्षांहून जुना हा समाज. वाडी, विहीर, बावखल, केळी, पानवेली, फुलं यांवर जगलेला.

आमच्या धर्मग्रामाचा आठवडा रविवारच्या मिस्सानं सुरू होतो, पण खरा आठवडा मिस्सा संपल्यावर आवारात सुरू होतो असं मला वाटतं. कुणाचा मुलगा आजारी, कुणाची सून माहेरी निघून गेली, कुणाच्या शेजारच्या वाडीत मातीचे डंपर यायला लागले, सगळं तिथं कळतं. एका बाजूला संत विन्सेंट डी पॉल सोसायटीची बैठक भरते. ही संस्था १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम नावाच्या अवघ्या वीस वर्षांच्या विद्यार्थ्यानं मित्रांबरोबर सुरू केली. नियम साधा: गरिबाला देवळाच्या दारात बोलवायचं नाही, आपण त्याच्या घरी जायचं, जोडीनं जायचं आणि जात-धर्म विचारायचा नाही. मग आठवडाभरात नोव्हेना, आजाऱ्यांच्या घरी जाणं, मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग, महिला मंडळ, बचत गट आणि आळीआळीतले लहान ख्रिस्ती समूह. दहा-पंधरा घरं एकत्र येतात, बायबलमधला उतारा वाचतात आणि तो आपल्या आळीला कसा लागू होतो ते बोलतात. आलेल्यांत दहातल्या सात-आठ बायका असतात. पुरुष बहुधा चहाच्या वेळेला पोचतात, हे आपलं जाता जाता.

हे सगळं सांगायचं कारण असं की, वसईतली मोठी आंदोलनं याच जाळ्यावर उभी राहिली. १९८८च्या सुमारास वसईचा हरित पट्टा बांधकामाला मोकळा करायचं सरकारनं ठरवलं आणि १९९० मध्ये नियोजन सिडकोकडे गेलं. त्याविरुद्ध फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकारानं हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. सर्व धर्मांची माणसं तीत होती. आमच्या विहिरींचं पाणी टँकरनं उपसून नव्या इमारतींना विकलं जायला लागलं, तेव्हा रस्त्यावर उतरलेल्यांत बायका मोठ्या संख्येनं होत्या. का नसणार? विहीर खारट झाली तर हंडा घेऊन लांब जायचं ते बाईलाच. निरोप पोचवायला त्या काळी मोबाइल नव्हते. रविवारची मिस्सा होती, आळीचा समूह होता आणि १९८३ ते २००७ फादरांनीच संपादित केलेलं ‘सुवार्ता’ होतं. पुढे २००९ साली वसई-विरार महानगरपालिका झाली, तेव्हाही अनेक गावांनी तिच्यात जायला नकार दिला. २९ गावांचा तो वाद कोर्टकचेऱ्यांत वर्षानुवर्षं चालला.

फादर दिब्रिटो २५ जुलै २०२४ रोजी गेले. उस्मानाबादला जानेवारी २०२० मध्ये झालेल्या ९३व्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते, म्हणून बाहेरच्या लोकांना ते साहित्यिक म्हणून ठाऊक आहेत. आमच्याकडे ते गेल्यापासून एक प्रश्न पुन:पुन्हा निघतो: आता जमीन कोण वाचवणार? बुलेट ट्रेनचं एक स्थानक विरारला होतंय, जिल्ह्यातच वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली. गुंठ्याचा भाव ऐकून झोप उडावी अशी स्थिती आहे. सभांमधून ‘जमीन विकू नका’ असं आवाहन होतं, टाळ्याही पडतात. मी मात्र मनात विचारते, कुणाची जमीन? सातबाऱ्यावर नाव कुणाचं?

इथं मुद्द्याला येते. ख्रिस्ती माणूस मृत्युपत्र न करता गेला, तर १९२५चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू होतो. त्याप्रमाणे पत्नीला एक तृतीयांश आणि उरलेलं सगळ्या मुलामुलींना सारखं. म्हणजे २७ गुंठे वाडी असेल, मागे आई, दोन भाऊ आणि एक बहीण असतील, तर आईचे नऊ गुंठे आणि तिघा भावंडांचे सहा-सहा. लग्न झालेली बहीणही त्यात आली. केरळात मेरी रॉय यांना मुलींच्या हिश्शासाठी सुप्रीम कोर्टापर्यंत जावं लागलं, कारण त्रावणकोरच्या १९१६च्या कायद्यानं मुलीला मुलाच्या हिश्शाच्या चौथा भाग किंवा पाच हजार रुपये, यांतलं जे कमी असेल तेवढंच ठेवलं होतं. १९८६ साली त्या जिंकल्या. आमच्याकडे अशी अडचण नव्हती. कायदा आमच्या आज्यांच्या काळापासून बाजूनं होता.

मग नाव का नाही? कारण वारस नोंद झाली की वर्षा-दोन वर्षांत बहिणीकडून हक्कसोडपत्र घेतलं जातं. जेवायला बोलावतात, साडी देतात, गाडीनं रजिस्ट्रारकडे नेतात. माझ्या ओळखीच्या एका बाईनं सही करताना कागद वाचलासुद्धा नव्हता. पुढे नवरा गेला, सासरी वाटणी झाली, ती दोन लेकरांसह भाड्याच्या खोलीत आली. सोसायटीच्या यादीत तिचं नाव घेताना मी अडखळले. जिच्या वाट्याची वाडी लाखोंच्या भावाची होती, तिच्या घरी आम्ही महिन्याचं धान्य नेत होतो. भावानं ती वाडी तोवर विकून टाकली होती. माझ्या मते या एका प्रकरणात दानधर्म आणि न्याय यांतला फरक पुरता दिसतो. धान्य नेणं चुकीचं नाही, ते न्यावंच लागतं. पण तिला धान्याची पाळी का आली, हे आम्ही बैठकीत विचारलं तेव्हा ‘घरगुती बाब’ म्हणून विषय पुढे ढकलला गेला.

भावांच्या बाजूनं दोन गोष्टी सांगितल्या जातात, त्याही ऐकायला हव्यात. एक, वाडीत राबतो तो, म्हाताऱ्या आईला बघतो तो. हे पुष्कळ घरांत खरं आहे आणि त्याचा हिशेब वाटणीत व्हायला हवा. पण मग तो उघड व्हावा, आईला आणि बहिणीला समोर बसवून व्हावा. दुसरं म्हणणं असं की, मुलीला हिस्सा दिला तर जावई तो बिल्डरला विकेल आणि वाडी तुटेल. हे मला पटत नाही. आजवर वसईतल्या ज्या वाड्या इमारतींखाली गेल्या, जी बावखलं बुजली, त्यांच्या कागदांवर बहुतेक पुरुषांच्याच सह्या आहेत. उलट सातबाऱ्यावर जितकी जास्त नावं, तितकी विक्री अवघड. पहाटेची गाडी पकडून दादरला फुलं-भाजी विकणाऱ्या बाईचं नाव कागदावर असतं, तर बिल्डरच्या माणसाला तिच्याही ओट्यावर बसावं लागलं असतं.

आमच्या हिंदू मैत्रिणी हे वाचून हसतील, कारण त्यांच्याकडेही तेच. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलासारखा हक्क महाराष्ट्रानं १९९४ साली आणि देशानं २००५ साली दिला, आणि त्यामागोमाग हक्कसोडपत्रंही आली. एक फरक मात्र ध्यानात ठेवायचा. ख्रिस्ती बापाला मृत्युपत्रानं सगळी मालमत्ता हव्या त्याला देता येते. त्यानं सगळं मुलाच्या नावे लिहिलं तर मुलीला हिस्सा मागता येत नाही. म्हणून बाप हयात असतानाच बोलायला हवं, आणि ते घरात कुणी बोलत नाही.

चर्चनं बोलावं का? भारतातल्या कॅथोलिक चर्चनं २०१० साली स्त्री-पुरुष समानतेचं धोरण जाहीर केलं आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ मध्ये पवित्र गुरुवारी बायकांचेही पाय धुवायला मुभा दिली, २०२१ मध्ये वाचकपद आणि वेदीसेवकपद बायकांना अधिकृतपणे खुलं केलं, आणि ऑक्टोबर २०२३ च्या सिनडमध्ये प्रथमच बायकांनी मतदान केलं. वरून वारा वाहतोय खरा. पण धर्मग्रामाची पाळकीय समिती चर्चच्या कायद्यानुसार फक्त सल्ला देणारी असते, शेवटचा शब्द प्रमुख धर्मगुरूंचा. त्यांनी रविवारच्या प्रवचनात ‘बहिणीची सही घेण्याआधी तिला कागद वाचून दाखवा’ एवढं एक वाक्य म्हटलं, तर माझ्यासारखीच्या दहा भाषणांपेक्षा ते जास्त ऐकलं जाईल. पर्यावरणावर ते बोलतात, चांगलं बोलतात. हे बोलायला जीभ अडते, कारण ऐकणारे भाऊ पुढच्या बाकांवर असतात आणि वर्गणीही तेच देतात.

तोवर आम्ही बायकांनी आमच्या समूहात हा विषय घेतलाय. उताऱ्यासाठी गणना या पुस्तकाचा २७ वा अध्याय निवडला. सलाफहादच्या पाच मुली मोशेसमोर उभ्या राहून बापाच्या जमिनीत वाटा मागतात आणि त्यांचं म्हणणं खरं ठरतं. तीन घरांत वाद झाले, एका घरानं समूहाला यायचं बंद केलं. एका भावानं मात्र बहिणीचं नाव सातबाऱ्यावर तसंच राहू दिलं. पुढच्या बैठकीला एक वकीलबाई येणार आहेत. येताना घरचा सातबारा, फेरफाराचा उतारा आणि असेल तर हक्कसोडपत्राची प्रत आणायला सांगितलंय. पुरुषांनाही बोलावलंय, चहाच्या आधी या म्हणून.