भिंतीतला पलंग आणि घराचे अर्थशास्त्र

दिवसा कपाटासारखा भिंतीला लागून उभा राहणारा आणि रात्री खाली ओढला की दोन माणसांना पुरेसा होणारा पलंग ही ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीच्या मध्यमवर्गीय वस्तीत आता केवळ नवलाईची वस्तू राहिलेली नाही. घडीची मेजे, सोफ्यातून निघणारे बिछाने, पोटात सामान घेणारे दिवाण यांच्या जोडीला तो येऊन बसला आहे आणि ‘जागा वाचविणारा’ हे विशेषण त्याने मिरवायला सुरुवात केली आहे. वीस वर्षांचे कर्ज काढून चारशे चौरस फुटांचे घर घेतलेल्या शिक्षकाला वा कारकुनाला त्याचे आकर्षण वाटावे, यात वावगे काही नाही. तथापि या पलंगाने खरोखर जागा वाचते काय, आणि वाचत असल्यास ती कोणाच्या खर्चाने वाचते, हा प्रश्न विचारल्यावाचून त्याची किंमत ठरविता येणार नाही.

अंथरूण दिवसा उचलून ठेवण्याची कल्पना मराठी घरांना मुळीच नवी नाही. १९२० च्या दशकात उभ्या राहिलेल्या मुंबईच्या बीडीडी चाळींतील खोली अवघी १६० चौरस फुटांची. तीत सात-आठ माणसांचे कुटुंब राहत असे, ते वळकटीच्या बळावर. सकाळी गाद्या गुंडाळून ट्रंकांवर रचल्या जात, त्यांवर चादर पसरली जाई आणि निजण्याची खोली पाहता पाहता स्वयंपाकाची, अभ्यासाची आणि पाहुण्यांची खोली होई. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानंतर भाड्याची घरे बांधणे हा तोट्याचा व्यवहार ठरला. पागडी परवडेना, तेव्हा गिरगाव, दादर, परळ येथील चाकरमानी कुटुंबे मालकीच्या घरासाठी रेल्वेच्या कडेने ठाणे, डोंबिवली, कल्याणकडे सरकली. १९८२ मध्ये ठाण्याला आणि १९८३ मध्ये कल्याणला महानगरपालिका आली, ती या स्थलांतराचीच पावती होती. २०११ च्या जनगणनेत या दोन महानगरपालिकांची लोकसंख्या मिळून तीस लाखांच्या वर गेलेली होती.

या नव्या घरात आल्यावर अनेक कुटुंबांनी हौसेने घेतलेली पहिली मोठी वस्तू म्हणजे पलंग. रोज सकाळी अंथरूण गुंडाळावे न लागणे, हेच चाळ सुटल्याचे लक्षण होते. त्याच कुटुंबाची तिसरी पिढी आज पलंग भिंतीत ढकलून ठेवण्यासाठी हजारो रुपये मोजण्यास तयार होते, तेव्हा वळकटी परत आली आहे एवढेच म्हणावे लागते. फरक इतकाच, की ती आता प्लायवूडची आणि गॅसच्या दांड्यांवर उचलली जाणारी आहे.

पाश्चात्त्य देशांतही या वस्तूचा जन्म टंचाईतूनच झाला. सॅन फ्रान्सिस्कोतील विल्यम मर्फी याने विसाव्या शतकाच्या आरंभी एका खोलीच्या बिऱ्हाडासाठी दुमडता पलंग बनविला. पुढे तो अमेरिकेच्या शहरी सदनिकांत इतका रुळला, की १९८९ मध्ये तेथील अपील न्यायालयाने ‘मर्फी बेड’ हे आता सामान्यनाम झाले असून त्यावर एका कंपनीचा हक्क राहिलेला नाही, असा निर्णय दिला.

चौरस फुटांचा हिशेब

पलंग विकणारा जो हिशेब मांडतो, तो प्रथम प्रामाणिकपणे समजून घेतला पाहिजे. सहा फूट रुंद आणि साडेसहा फूट लांब असा दुहेरी पलंग ३९ चौरस फूट जागा अडवितो. घराचा दर चटई क्षेत्राच्या चौरस फुटाला ८,००० रुपये आहे असे समजू. ठाण्यात अनेक ठिकाणी तो याहून बराच चढा आहे. म्हणजे पलंगाखालच्या जमिनीचीच किंमत ३,१२,००० रुपये झाली. या जमिनीचा उपयोग दिवसाकाठी आठ तास; उरलेले सोळा तास ती केवळ पलंगपोस मिरविते. भिंतीतला पलंग बंद असताना दीड फूट खोल आणि साडेसहा फूट रुंद कपाटाएवढा, म्हणजे सुमारे १० चौरस फुटांत मावतो. मोकळी झालेली २९ चौरस फूट जागा त्याच दराने २,३२,००० रुपयांची. साध्या पलंगापेक्षा यासाठी पन्नास हजार रुपये अधिक पडले, तरी सौदा स्वस्त ठरतो.

अंकगणित बिनचूक आहे. चूक आहे ती गृहीतकात. जागा मोकळी होणे आणि जागा उपयोगात येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. डोंबिवलीतील जे नोकरदार जोडपे सकाळी सातची गाडी पकडते आणि रात्री आठला परतते, त्याच्या घरात ही २९ चौरस फूट जागा मुख्यतः ज्या तासांत मोकळी होते, त्या तासांत तिच्यावर पाय ठेवायला घरात कोणी नसते. नोकरीच्या दिवशी तिचा खरा उपयोग सकाळी तासभर आणि रात्री दोन-तीन तास. दिवसभर घरी असतात ती म्हातारी माणसे आणि लहान मुले. आणि दुपारी पाठ टेकायला पलंग हवा असतो तो नेमका त्यांनाच. गुडघे दुखणाऱ्या सासूबाईंनी दुपारच्या वामकुक्षीसाठी भिंतीतून पलंग ओढावा, ही अपेक्षा कोणी करणार नाही. आजाऱ्याच्या घरी तर हा पलंग दिवसेंदिवस उघडाच राहील.

उलट, ज्या घरात एकाच खोलीला दिवसा खरोखर दुसरे काम असते, तेथे हा पलंग आपली किंमत पुरेपूर वसूल करतो. बाहेरच्या खोलीत शिकवण्या घेणारी शिक्षिका, घरीच शिवणकाम करणारी स्त्री, २०२० च्या टाळेबंदीपासून घरून काम करू लागलेला कर्मचारी, दहावी-बारावीच्या अभ्यासाला बसलेला विद्यार्थी यांना मोकळी जमीन म्हणजे उत्पन्न किंवा गुण. दुहेरी पलंगाऐवजी तीन फुटी एकेरी पलंग भिंतीत बसवून त्या जागी मेज मांडता आले, तर अशा घराला तो वरदानच वाटेल. वस्तू चांगली की वाईट हा वाद म्हणूनच निरर्थक आहे. घराचे वेळापत्रक काय, हा खरा प्रश्न आहे.

उसनी जागा आणि तिचे व्याज

शिवाय हा पलंग जागा निर्माण करीत नाही. ती दिवसापुरती उसनी देतो. रात्री तो उघडायचा तर समोरची खुर्ची, मेज, मुलांची दप्तरे हलविलीच पाहिजेत. पांघरुणे आणि उशा काढून दुसरीकडे ठेवायच्या, गादीला पट्टे बांधायचे, मच्छरदाणीची वेगळी सोय पाहायची. या उसनवारीचे व्याज श्रमाच्या रूपाने रोज दोनदा भरावे लागते, आणि ते कोण भरते हे सांगावयास नको. सकाळचे डबे करून गाडी गाठणारी, परतीच्या डब्यात भाजी निवडणारी जी गृहिणी आहे, तिच्याच दिनक्रमात हे आणखी एक काम जमा होते. राष्ट्रीय उत्पन्नाच्या मोजणीत गृहिणीच्या कामाला स्थान नाही. पलंगाच्या जाहिरातीतही ते नसावे, यात आश्चर्य कसले?

आणखी एक परिणाम सहसा बोलला जात नाही. बाहेरच्या खोलीतला पलंग उघडला की ती खोली संपते. म्हणजे मुलाचा अभ्यास, आजोबांच्या बातम्या, अवचित आलेला पाहुणा हे सारे आटोपेपर्यंत पहाटेची गाडी पकडणाऱ्याने जागे राहावयाचे. झोपेची वेळ ही व्यक्तीची न राहता घराची सामुदायिक वेळ होते. ज्याचे दोन-तीन तास प्रवासात जातात, त्याच्या झोपेवर बसविलेला हा एक अप्रत्यक्ष करच होय.

आधी भिंत, मग पलंग

खर्चाच्या आधी सुरक्षिततेचा विचार हवा. भरलेल्या गादीसह पलंगाचा भार आणि तो वर-खाली होताना बसणारा ओढा भिंतीवर येतो. नव्या इमारतींतील आतल्या भिंती बहुधा चार इंची विटांच्या किंवा हलक्या ठोकळ्यांच्या असतात. साधे खिळे-स्क्रू त्यांत टिकत नाहीत. पलंगाची चौकट जमिनीवर उभी राहणारी असावी, भिंतीने तिला केवळ आधार द्यावा, हे उत्तम. उचलणाऱ्या दांड्यांतील गॅसचा दाब काही वर्षांनी उतरतो, तेव्हा ते बदलून मिळतील काय, हे खरेदीच्या दिवशीच विचारावे. पावसाळ्यात ओल धरणाऱ्या बाहेरच्या भिंतीला तर हा पलंग लावूच नये. बंद कपाटात कोंडलेली गादी बुरसटल्यावाचून राहत नाही.

जागेसाठी भिंत पाडणे, खांब तासणे, जुन्या फरशीवर नवी फरशी चढविणे हे प्रकार याहून गंभीर आहेत. २० मे २०२५ रोजी कल्याण पूर्वेतील सप्तशृंगी इमारतीत चौथ्या मजल्यावरील घरात फरशीचे काम चालू असताना स्लॅब कोसळला, खालचे मजले फोडीत गेला आणि सहा जणांचा बळी गेला. तीस वर्षांहून जुन्या इमारतीची संरचनात्मक तपासणी कायद्याने आवश्यक केली आहे. ज्या इमारतीने ती केलेली नाही, तेथे सुतार-गवंड्याला बोलावण्याआधी अभियंत्याला बोलावणे हीच खरी काटकसर.

थोडक्या खर्चातील सुधारणाही एका क्रमाने कराव्यात. प्रथम गळती आणि ओल, मग उजेड आणि वारा, त्यानंतर साठवण आणि अखेरीस शोभा. दाराचेच पाहावे. अडीच फुटी दार उघडताना सुमारे पाच चौरस फूट जमीन झाडून जाते; वरच्याच दराने ती ४०,००० रुपयांची. त्या जागी सरकते दार बसविले तर त्याच्यामागे कोणाला रोज राबावे लागत नाही. छतालगतचा माळा, दारावरची फळी, भिंतीवर दुमडणारे जेवणाचे मेज या जुन्या युक्त्या आजही पलंगापेक्षा स्वस्त आणि बिनधोक आहेत.

दोष पलंगाचा नव्हे

इतका खटाटोप करण्याची पाळी सामान्य कुटुंबावर का यावी? याचे उत्तर फर्निचरच्या दुकानात मिळणार नाही. राष्ट्रीय बांधकाम संहितेनुसार दोन खोल्यांच्या घरातील दुसरी खोली ७.५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे ८१ चौरस फुटांची आणि २.१ मीटर, म्हणजे सात फुटांहूनही किंचित कमी रुंदीची असली तरी चालते. त्या रुंदीत साडेसहा फुटी पलंग आडवा मांडला, तर चार-पाच इंच उरतात, आणि पलंग कसाही ठेवला तरी जवळजवळ निम्मी खोली तोच खातो. आवास योजनेतील दुर्बल घटकांच्या घराला ३० चौरस मीटर चटई क्षेत्राची मर्यादा होती. खोली किती असावी हे नियम सांगतो. तीत माणूस कसा निजेल, उठेल, वळेल, हे सांगत नाही.

जपानात खोली तातामी चटयांच्या संख्येने मोजण्याची रीत आहे. एक चटई साधारण सहा फूट लांब, तीन फूट रुंद. म्हणजे निजलेल्या माणसाएवढी. आणि दिवसा अंथरूण ठेवण्याचे कपाट, ज्याला तेथे ओशिइरे म्हणतात, ते घर बांधतानाच भिंतीत येते. मराठीतही ‘चटई क्षेत्र’ असाच शब्द आहे. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने त्याची व्याख्या नेमकी केली, हे चांगलेच झाले. परंतु शब्दातली चटई विक्रीच्या कागदावरच राहिली आहे. ती पसरावयाला खोलीत जागा आहे काय, हे कोणी पाहत नाही.

करव्यवस्थेनेही येथे विसंगती केली आहे. मुंबई महानगर प्रदेशात ६० चौरस मीटर चटई क्षेत्रापर्यंतच्या आणि ४५ लाख रुपयांपर्यंतच्या, बांधकाम चालू असलेल्या घरावर १ एप्रिल २०१९ पासून वस्तू व सेवा कर १ टक्का आहे. त्याच घरात लागणाऱ्या लाकडी पलंगावर तो १८ टक्के आहे. घर ही गरज आणि घरात निजणे ही चैन, असाच याचा अर्थ होतो. त्यातच घराला मिळणारे कर्ज स्वस्त आणि दीर्घ मुदतीचे. फर्निचरसाठी काढावे लागणारे व्यक्तिगत कर्ज महाग आणि अल्प मुदतीचे.

उपाय अशक्य नाहीत. विक्रीच्या नकाशात प्रत्येक खोलीत खऱ्या मापाचा पलंग, कपाट आणि उघडे दार दाखविणे विकासकांना सक्तीचे करावे. नमुना सदनिकेतील पलंग फूटपट्टीने मोजून पाहणारा ग्राहक विरळा असतो. चारशे चौरस फुटांखालील घरांत, निदान म्हाडाच्या योजनांत, अंथरूण-सामानाचे कपाट आणि पलंगाची खाच बांधकामाचाच भाग असावी. त्यामुळे किंमत थोडी वाढेल हे खरे. पण ती गृहकर्जात सामावेल आणि कामातील दोषाची जबाबदारी बांधणाऱ्यावर टाकता येईल.

चाळीतल्या माणसाने वळकटी बांधली, कारण त्याला दुसरा मार्ग नव्हता. आयुष्यभराची कमाई घालून घर घेणाऱ्याच्या माथी तीच वळकटी नव्या वेष्टनात मारली जात असेल, तर तिला सुधारणा म्हणण्यापूर्वी थांबले पाहिजे. ज्याला भिंतीतला पलंग हवा त्याने तो जरूर घ्यावा. पण मोजपट्टी घेऊन, घरातल्या प्रत्येकाचे घड्याळ पाहून आणि जिला तो रोज उचलावा लागणार आहे तिला विचारून.